संवेदक, वेदना आणि साक्ष

काही महिन्यांपूर्वी अमरावतीत एक चर्चासत्र भरले होते. विषय होता, दुर्गम भागातील पर्यावरण-संशोधनासाठी बिनतारी संवेदक-जाळी. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. यंत्रांच्या जगाशी माझा संबंध मोबाइलपुरता. तरीही गेलो, तो ‘संवेदक’ या शब्दामुळे. इंग्रजीतल्या ‘सेन्सर’ला मराठीने हा शब्द दिला आणि उपग्रहावरून जमीन न्याहाळण्याला ‘दूरसंवेदन’ म्हटले. ज्या मराठी समीक्षेने संवेदना, संवेदनशीलता, संवेदनस्वभाव हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत केले आणि त्याच शब्दांच्या आधारे दलित लेखकाची संवेदना ‘एकारलेली’ ठरवली, त्या भाषेने एका प्लास्टिकच्या डब्याला बिनदिक्कत संवेदक म्हणावे, ही गोष्ट मला सोडून देण्यासारखी वाटली नाही.

निबंध वाचणारा तरुण संशोधक अभ्यासू होता, हे प्रथम सांगितले पाहिजे. त्याने अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांचा नकाशा पडद्यावर लावला. वर सातपुड्यात, मेळघाटात, काही निळे ठिपके; खाली पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, काही तांबडे. या दोन्हींना तो एकच शब्द वापरत होता : दुर्गम. तांबड्या ठिपक्यांपैकी एक माझ्या गावावर होता. माझ्या गावाहून अकोला एस.टी.ने दीड तासावर आहे. दुर्गम म्हणजे जिथे जाणे कठीण असे ठिकाण; पण कोणाला कठीण? आम्ही तर तिथेच होतो. तिथून शाळेत, शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून या सभागृहात येणे आम्हाला कठीण गेले. त्या अर्थाने हे सभागृहच दुर्गम म्हटले पाहिजे. मोजणारा स्वतःला मध्यबिंदू धरून अंतर मोजतो आणि मग ते अंतर समोरच्या माणसाचा गुणधर्म म्हणून नोंदवतो. गावकुसाबाहेरची वस्ती ‘बाहेरची’ ठरली, ती याच रीतीने.

हे जाळे काम कसे करते ते थोडक्यात सांगतो. मुठीएवढा किंवा डब्याएवढा एक संच असतो. त्यात उष्णता, दमटपणा, मातीतली ओल, पाण्यातले क्षार यांपैकी काही मोजणारे भाग. एक लहानसा रेडिओ. बॅटरी आणि तिला भरणारी सूर्यपट्टी. एकट्या संचाचा आवाज फार दूर जात नाही. म्हणून तो आपली नोंद शेजारच्या संचाला देतो, तो पुढच्याला, असे करीत ती एका मोठ्या ठाण्यापर्यंत पोचते. तिथून मोबाइलच्या किंवा उपग्रहाच्या वाटेने शहरातल्या संगणकात. वाटेतला एखादा संच मेला तर नोंद दुसरी वाट शोधते. बॅटरी पुरावी म्हणून संच बहुतेक वेळ झोपलेला असतो; ठरल्या वेळी जागा होतो, मोजतो, सांगतो, पुन्हा झोपतो.

हे ऐकताना मला शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ आठवत होते, आणि दया पवारांच्या ‘बलुतं’मधली महाराच्या कामांची यादी. सरकारी टपाल एका गावच्या वेशीपासून दुसऱ्या गावच्या वेशीपर्यंत न्यायचे, तिथल्या महाराने पुढे न्यायचे. मयताची खबर उन्हातान्हात पायी पोचवायची. परका माणूस गावात शिरला तर पाटलाला सांगायचे. शीव राखायची. म्हणजे या मुलखात बिनतारी जाळे नव्यानेच येत आहे असे नाही. ते शेकडो वर्षे चालू होते; त्याचे संच माणसांचे होते आणि बॅटरी बलुत्याच्या भाकरीची. फरक एवढाच की त्या संचांना झोपायची मुभा नव्हती. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा प्रश्न मोबदल्याचा होता तसाच या चोवीस तासांच्या चाकरीचाही होता. (वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते. इथली नावे आणि कायदे वेगळे, काम तेच.)

त्या जुन्या जाळ्याचे एक लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष अखेरची मानत, इतके त्याचे ज्ञान पक्के होते. पण शिवेच्या आतल्या जमिनीत त्याचा वाटा जवळजवळ नसे. नोंद त्याची, मालकी दुसऱ्याची. नव्या जाळ्याकडे पाहताना मला हाच प्रश्न विचारायचा आहे. यंत्र चांगले की वाईट, हा माझा प्रश्न नाही. यंत्राला शिव्या देणे ही पोट भरलेल्यांची हौस आहे. बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु दि अनटचेबल्स’मध्ये गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला, तो याच कारणाने : राबणाऱ्या माणसाला फुरसत हवी आणि ती यंत्राशिवाय मिळणार नाही. मजूरमंत्री असताना त्यांनी नद्यांच्या खोऱ्यांचे नियोजन हाती घेतले, १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. हे सारे मोजमापावाचून होणारे काम नव्हते. टपाल नेणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचे ओझे डब्याने घेतले तर मला आनंदच आहे. पण ओझ्याबरोबर साक्षही जाते काय?

या शास्त्राच्या इतिहासात अमेरिकेतल्या मेन राज्याजवळच्या ग्रेट डक आयलंड या बेटाचे नाव नेहमी घेतले जाते. २००२ च्या उन्हाळ्यात बर्कलेच्या संशोधकांनी तिथे ३२ संच बसवले. बेटावर लीचेस स्टॉर्म पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी बिळात अंडी घालतो. माणसाची चाहूल लागली तर तो घरटे टाकून जाण्याचा धोका असतो. म्हणून माणसाने दूर राहावे आणि बिळातली उष्णता, दमटपणा यांची खबर डब्याने द्यावी, अशी कल्पना. कल्पना सुंदर आहे, त्या बेटापुरती. तिथे मनुष्यवस्ती जवळजवळ नाही. माणूस हा तिथे खरोखरच आगंतुक आहे. परंतु बेटावर जन्मलेली ही विचारपद्धती मेळघाटात आणली की तिच्याबरोबर ‘माणूस म्हणजे अडथळा’ हे गृहीतकही येते. मेळघाटात तर कोरकू राहतो.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. २००० नंतरच्या वर्षांत बोरी, कोहा, कुंड ही गावे गाभ्यातून उठवून खाली अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात वसवली गेली. पुढे आणखी गावे उठली. खाली आलेल्यांपैकी काही जण २०१९ च्या जानेवारीत पुन्हा जंगलात शिरले आणि वनखाते-पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. या जंगलात आज झाडाला बांधलेले कॅमेरे आहेत. त्यांना दुर्गम भागातला सर्वांत साधा संवेदक म्हणता येईल : समोरून ऊब असलेले काही हलले की चित्र टिपायचे. वाघाची ऊब आणि मोहफुले वेचणाऱ्या बाईची ऊब त्याला सारखीच. वाघ मोजायला हे साधन उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. परंतु याच साधनाबद्दल उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातून केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये जे प्रसिद्ध केले, ते आपल्या सगळ्या स्त्रियांनी ऐकावे असे आहे. तिथे बायका सरपण-चाऱ्याला जाताना मोठ्याने बोलतात, गातात. जनावराने दूर राहावे म्हणून. कॅमेरे लागल्यावर आपल्याला कोणी पाहते आहे या धास्तीने त्यांचे आवाज खाली गेले. म्हणजे ज्या आवाजाने जीव वाचत होता, तोच गेला. एका बाईचे आडोशाला बसतानाचे चित्र गावातल्या पुरुषांच्या मोबाइलवरून फिरले. ती खालच्या मानलेल्या जातीची होती. संवेदकाने आपले काम चोख केले होते. त्याला लाज नसते, आणि ज्यांच्या हाती ते चित्र गेले त्यांनाही नव्हती.

या गोष्टी वाघाच्या जंगलातल्या. आपल्या वऱ्हाडातल्या बहुसंख्य दलितांचा संबंध ज्या जाळ्याशी येतो ते जंगलातले नाही, शेतातले आहे. २०१७ मध्ये राज्य शासनाने स्कायमेट या खाजगी कंपनीबरोबर ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला. प्रत्येक महसूल मंडळात एक याप्रमाणे राज्यात २००० हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. तापमान, दमटपणा, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा, यांची नोंद दर दहा मिनिटांनी. पूर्वी तालुक्याच्या एका नळीवर सगळ्यांचा पाऊस ठरत असे. त्या मानाने ही मोठी सुधारणा. पण एका मंडळात वीस-वीस, पंचवीस-पंचवीस गावे येतात, आणि वऱ्हाडातला पाऊस कसा पडतो हे इथल्या कोणत्याही सालदाराला विचारावे : या धुऱ्यावर धोधो, त्या धुऱ्यावर धूळ. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ‘अतिवृष्टी’. माझ्या बापाने एका वर्षी मक्त्याने केलेले वावर पाण्याखाली गेले, पऱ्हाटी पिवळी पडली. मंडळाच्या केंद्रावर त्या रात्री आकडा ६५ च्या खाली होता. म्हणून अतिवृष्टी झाली नाही. आम्ही पाण्यात उभे होतो आणि पाऊस झाला नव्हता. केंद्राने खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. त्याने आपल्या जागेचे खरे सांगितले. आमच्या जागेचे सांगणारे कोणी नव्हते एवढेच; आणि जे होते, त्यांची साक्ष चालत नव्हती.

केंद्राने ६५ च्या वर आकडा दाखवला असता तरी बापाला काय मिळाले असते, हा पुढचा प्रश्न आहे आणि तोच खरा आहे. नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. पीकविम्यात कुळाला जागा आहे, पण नोंदणीकृत करार दाखवावा लागतो. तोंडी मक्ता-बटईवर चालणाऱ्या या मुलखात असा करार कोण करून देतो? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. तरी गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कितीतरी जणांच्या हाती आजही सातबारा नाही. आणि ज्यांच्यापाशी कसायलाही काही नाही त्यांचे काय? पाऊस लागून राहिला की निंदण बंद, वेचणी बंद, रोज बंद. कापसाची वेचणी तर किलोवर. बुडालेल्या पिकाचा पंचनामा होतो. बुडालेल्या रोजाचा पंचनामा झालेला मी पाहिला नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘विंड्स’ नावाची योजना आणली. तिच्यात ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक बसवायचे आहेत. बसवावेत. मंडळाऐवजी गावाचा पाऊस कळेल. पण जाळे कितीही दाट विणले तरी त्याच्या खालचा कागद तोच राहिला, तर जाळ्यात सापडणारी नावेही तीच राहतील.

उन्हाचेही असेच. अकोल्याचे तापमान उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर गेले की वर्तमानपत्रे पहिल्या पानावर आकडा छापतात. तो आकडा सावलीतला असतो. हवामानशास्त्राची ती रीतच आहे : झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, ऊन थेट लागू न देता हवेचे तापमान मोजायचे. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे. नाहीतर दोन ठिकाणांची तुलना होणार नाही. पण विटाभट्टीवर, रस्त्याच्या डांबरापाशी, तूर काढलेल्या वावरात ओणवे राहून फण वेचणाऱ्या बाईचे शरीर सव्वा मीटरवरच्या सावलीत नसते. ते जमिनीशी असते, उन्हात असते. तिच्या कपाळाजवळचे तापमान कोणत्या केंद्राने नोंदवले? यासाठी काही नवे शास्त्र लागत नाही. उष्णता, दमटपणा आणि ऊन यांचा एकत्र भार शरीरावर किती पडतो ते मोजण्याच्या पद्धती जगात रूढ आहेत. सैन्यात आणि कारखान्यांत त्या वापरतात. वावराला कारखाना म्हणायची तेवढी कोणाची तयारी नाही.

कोणते पीक आणि कोणाचे शेत प्रथम मोजायचे, हाही निवडीचाच भाग असतो. मुंबईच्या आय.आय.टी.ने शेतीसाठी बिनतारी संवेदकांचा ‘ॲग्रिसेन्स’ हा प्रयोग केला तो नाशिकला, सुला कंपनीच्या द्राक्षमळ्यात. द्राक्ष वाइनचे. त्यात प्रयोगाचा दोष नाही. नाजूक पीक, पैसा आहे, वीज आहे. याउलट कर्नाटकात, तुमकूर जिल्ह्यातल्या चन्नकेशवपुरा या कोरडवाहू गावात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या तंत्रसंस्थेने केलेल्या ‘कॉमनसेन्स नेट’ या प्रयोगात आधी गावातल्या गरीब शेतकऱ्यांना, तुम्हाला काय कळायला हवे आहे, असे विचारले गेले. एवढी एक गोष्ट मला त्या साऱ्या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते. आमच्याकडे विचारण्याची पायरी बहुधा गाळली जाते.

आता पाण्याकडे येतो, कारण माझ्या गावावरचा तो तांबडा ठिपका पाण्याचा होता. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळी, खोल, दिसायला राणीसारखी. खालचे पाणी खारे. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून राबवलेल्या ‘पोकरा’ प्रकल्पात या खोऱ्यातली ९०० हून अधिक खारपाणाची गावे घेतली होती, यावरून व्याप्ती कळावी. संशोधकाच्या डब्यातला संवेदक पाण्याची विद्युतवाहकता मोजतो : क्षार जास्त तर वीज जास्त वाहते. साधी, चांगली युक्ती. माझी माय हे काम जिभेने करीत असे. पहिल्या पावसानंतर विहिरीतले वरचे पाणी गोडे लागते, खालचे खारे. म्हणून बादली खोल सोडायची नाही. कोणत्या महिन्यापासून चव उतरते, कोणत्या विहिरीच्या पाण्याने कपड्याला साबण धरत नाही, हे तिला ठाऊक होते. ‘या पान्यात दाय शिजत नाई, बाप्पा’, हे तिचे वाक्य म्हणजे पाण्याच्या जडपणाचा अहवालच. तो कोणी मागितला नाही.

मी प्रश्नोत्तराच्या वेळी उठून विचारले, आमच्या गावात हा डबा कोणत्या विहिरीत आहे? गावात दोन विहिरी आहेत. एक गावाची, एक आमच्या वस्तीची. दोन्हींच्या पाण्यात फरक आहे आणि तो फरक भूगर्भशास्त्राने पाडलेला नाही. गोडे पाणी लागले तिथे गावाने विहीर खोदली. आम्हाला उरलेली जागा मिळाली. डॉ. पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना, १९२८ नंतरच्या त्या वर्षांत, अमरावती जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या. निर्णय मोठा होता. परंतु खुली झालेली विहीर आणि हाताशी असलेली विहीर यांत अंतर असते, आणि ते अंतर घागर डोक्यावर घेतलेल्या बाईलाच कळते. संशोधकाने प्रामाणिकपणे उत्तर दिले : डबा गावाच्या विहिरीत आहे. तिथे मोबाइलचा सिग्नल चांगला मिळतो आणि झाकणाला कुलूप लावता येते. वस्तीकडे ठेवला तर बॅटरी राहणार नाही, असे गावात कोणी तरी त्याला सांगितले होते.

सभागृहात कोणी हसले नाही, रागावलेही नाही. मी खाली बसलो. म्हणजे नकाशावरचा तो एक ठिपका म्हणजे माझे गाव. आणि माझ्या गावाचे पाणी म्हणजे गावाच्या विहिरीचे पाणी. उद्या त्या नोंदीवरून हे गाव ‘मध्यम क्षारयुक्त’ ठरेल आणि गोड्या पाण्याच्या योजनेत खालच्या क्रमांकावर जाईल. वस्तीतले पाणी कोणत्याही रकान्यात असणार नाही. जात पाळण्यासाठी इथे कोणाच्या मनात द्वेष असण्याची गरजही पडली नाही. सिग्नल आणि कुलूप एवढ्याने काम भागले.

नोंद झाली की उपाय होतो, अशी एक श्रद्धा या क्षेत्रात आहे. २०२२ च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत दूषित पाण्याने साथ आली आणि माणसे दगावली. थकलेल्या बिलापायी नळयोजनेची वीज तोडली होती. नळ बंद म्हणून लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्याले, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले. त्या विहिरीत जगातला सर्वांत उत्तम संवेदक टाकला असता तर त्याने काय सांगितले असते? पाणी वाईट आहे. ते गावाला ठाऊक नव्हते काय? मीटर वाचून वीज तोडण्याइतके आपले जाळे मेळघाटापर्यंत नीट पोचले आहे. ते उलट्या दिशेने चालत नाही.

इथवर मी शास्त्रज्ञांना बोललो. आता आपल्या समीक्षेला बोलले पाहिजे, कारण साक्ष नाकारण्याचे काम एकट्या शास्त्राने केलेले नाही. दलित आत्मकथने आली तेव्हा प्रस्थापित समीक्षेने त्यांच्यातली वेदना मान्य केली; नाइलाजाने का होईना, पण केली. तिने ज्ञान मात्र मान्य केले नाही. आणि आम्हीही, आमच्या बांधिलकीच्या भरात, वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांवर समाधान मानले. ‘बलुतं’ १९७८ चे, ‘उपरा’ १९८० चे, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ १९८६ चे. या पुस्तकांत काय खाल्ले, कोणत्या ऋतूत काय मिळाले नाही, पाणी कुठून आणले, किती वेळ थांबावे लागले, कोणती वाट चालावी लागली, याची तपशीलवार माहिती आहे. एका अर्थाने महाराष्ट्राच्या पर्यावरणाची ही तळातून केलेली नोंद आहे, आणि ती करणारे जागेवर होते. मुकुल शर्मा यांनी ‘कास्ट अँड नेचर’ या २०१७ च्या इंग्रजी पुस्तकात जात आणि निसर्ग यांचा संबंध तपासला. मराठीत आम्ही आमचीच पुस्तके त्या नजरेने फारशी वाचलेली नाहीत. आम्ही लेखकाचे अश्रू मोजले आणि त्याने मोजलेले पाणी सोडून दिले.

‘वेदना’ आणि ‘संवेदक’ हे दोन्ही शब्द एकाच ‘विद्’ धातूचे, आणि ‘विद्’ म्हणजे जाणणे. पालीत वेदना म्हणजे केवळ दुःख नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नव्हे अशी, तिन्ही प्रकारची जाणीव. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत वेदनेच्या आधीची कडी आहे स्पर्श. स्पर्श झाल्यावाचून वेदना उपजत नाही. ज्या समाजाने स्पर्शच नाकारला त्याला आपल्याबद्दल काही कळण्याची शक्यता त्याने स्वतःच्या हाताने बंद केली. अस्पृश्यता हा अन्याय होता तसेच ते एक भयंकर अज्ञानही होते. आता दुरून, स्पर्श न करता, सारे जाणून घेण्याचे साधन त्याच्या हाती आले आहे. मला भीती आहे ती याची की त्या अज्ञानाला या साधनाने नवी सोय मिळेल. वस्तीत पाऊल न टाकता वस्तीचा अहवाल तयार होईल.

म्हणून डबे उखडून टाका, असे मी म्हणणार नाही. उलट आणखी हवेत. आमच्या विहिरीतही हवेत. त्यांचा आकडा आधी विहिरीच्या काठावर, पाणी भरणाऱ्या बाईला वाचता येईल अशा अक्षरांत दिसावा आणि नंतर शहराकडे जावा. डबा कुठे बसवायचा हे ठरवताना वस्तीतली दोन माणसे बोलवावीत, आणि आकडा चुकला असे त्यांनी म्हटले तर ते लिहून घेण्यासाठी एक रकाना असावा. माझ्या वर्गातल्या त्या बाजूच्या चार विद्यार्थ्यांनी यंदा पावसाळ्यापासून वहीत आपापल्या वस्तीच्या विहिरीची चव, पातळी आणि रांगेची वेळ लिहायला सुरुवात केली आहे. पातळी दोरीच्या गाठींनी मोजतात. दोघांच्या आया निरक्षर आहेत. चव त्या सांगतात, मुले लिहितात. प्रयोगशाळेत ही वही चालणार नाही, हे मला कळते. दोन पावसाळे ती डब्याशेजारी ठेवून पाहावी, एवढेच म्हणतो.

चर्चासत्रानंतर पंधरा दिवसांनी त्या संशोधकाचा मला फोन आला. त्या दिवशी तुम्ही आत्मकथनांची नावे घेतली, ती पुन्हा सांगा म्हणाला. मी सांगितली. मग थोडे थांबून त्याने विचारले, ‘सर, एवढी सगळी वाचायला मला वेळ होणार नाही. यात पाण्याबद्दल कोणत्या पानांवर आहे, ते सांगता येईल का?’ पहिल्यांदा मला राग आला. नंतर वाटले, एवढे तरी कोणी विचारले. सध्या मी तीन पुस्तके घेऊन पेन्सिलीने खुणा घालतो आहे. ‘बलुतं’ संपत आले, ‘जिणं आमचं’ला अजून हात लागायचा आहे.